आई-बाबा पहिल्यांदाच विमानात बसणार : नाशिक ते शिकागो, दोघंच

गोदाकाठ | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

माझे बाबा ६८ वर्षांचे, आई ६४. सप्टेंबरमध्ये दोघं भावाकडे शिकागोला निघालेत. वहिनीचे ऑक्टोबरमध्ये दिवस भरतात. मी नाशिकरोडलाच असते, शाळेत शिकवते. सहामाही तोंडावर असल्यामुळे मला सोबत जाता येत नाही आणि भावाला न्यायला यायची रजा नाही. म्हणजे दोघंच. दोघांनीही आजवर विमानात पाय ठेवलेला नाही.

तिकीट मुंबई–अबू धाबी–शिकागो असं एकाच पीएनआरवर आहे. मुंबईहून पहाटे ४.२० ला निघतं, अबू धाबीत पावणेचार तासांचा थांबा आहे. व्हिसा झालाय, पासपोर्ट नवेकोरे आहेत.

पासपोर्टवरून आठवलं म्हणून सांगते. बाबा इथल्या प्रेसमधून, म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून, निवृत्त झाले. अख्ख्या देशाचे पासपोर्ट तिथे छापले जातात, आता चिप बसवलेले ई-पासपोर्टसुद्धा. एकतीस वर्षांत किती पुस्तिका त्यांच्या हाताखालून गेल्या असतील याची गणती नाही. स्वतःचा पासपोर्ट पोस्टमनने आणून दिला तेव्हा त्यांनी फोटोचं पान आधी उघडलं नाही. मधलं पान काढून शिवणीवरून अंगठा फिरवला, पुस्तिका कानाजवळ नेऊन पानं फुरफुरवली आणि आईला म्हणाले, "आपल्याकडचाच आहे."

तेच बाबा आता रात्री उठून बसतात. विमानाची भीती नाही म्हणतात. "कुणी काही विचारलं आणि मला कळलंच नाही तर?" एवढंच परत परत. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण समोरचा भरभर बोलला की समजत नाही. आईला हिंदी येतं, इंग्रजी नाही. तिचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय, मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे.

मला घर सोडल्यापासून भाऊ भेटेपर्यंतचं सगळं एका कागदावर मराठीत लिहून द्यायचंय. ज्यांनी आपल्या माणसांना असं पाठवलंय किंवा जे स्वतः गेलेत त्यांनी कृपया बारीकसारीक सांगा. नेटवर याद्या भरपूर आहेत, पण त्या ज्याने आधी विमानतळ पाहिलाय त्याच्यासाठी लिहिलेल्या वाटतात.

---

घाटवाट | सोमवार, रात्री १०.२५

ताई, मी १४ वर्षं नाशिक–मुंबई एअरपोर्टच्या गाड्या चालवतो. आतलं जाणकार सांगतील, मी घरापासून टर्मिनलच्या दारापर्यंतचं सांगतो.

सगळ्यात आधी तारीख बघा. पहाटे ४.२० चं विमान म्हणजे तिकिटावर जी तारीख आहे तिच्या आदल्या संध्याकाळी घर सोडायचं. हे वाचताना सोपं वाटतं, पण माझ्याकडे दोनदा लोकांनी १८ तारखेचं विमान म्हणून १८ च्या संध्याकाळची गाडी सांगितली. पहिल्या वेळी मी विमान किती वाजताचं आहे ते विचारलं म्हणून ते वाचले. दुसऱ्या वेळी विचारायचं राहिलं. ते कुटुंब टर्मिनलला पोहोचलं तेव्हा विमान जाऊन वीस तास झाले होते. सोबत नातवाला भेटायला निघालेल्या आजी होत्या. परत येताना कसाऱ्यापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. तेव्हापासून मी तिकिटाचा फोटो बघितल्याशिवाय बुकिंग घेत नाही.

रस्ता. समृद्धीचा इगतपुरी–आमणे टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. इगतपुरीजवळचा जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यामुळे कसारा घाट टळतो. पण आमण्याला उतरल्यावर पुढे वडपे ते माजिवडा गाडी अडकते ती अडकतेच. घाटात वाचवलेला वेळ तिथे जातो. मी सप्टेंबरात पाच तास धरतो, गणपती असतील तर सहा. टर्मिनलवर रात्री १ च्या आत पोहोचायचं तर संध्याकाळी ७ ला गाडी हलली पाहिजे. जेवण घरून करून निघा. आईंचा गुडघा आहे तर पुढची सीट त्यांना द्या आणि शहापूरच्या आसपास एकदा उतरून पाय मोकळे करू द्या.

आणखी एक. टर्मिनल २ ला गाडी वर निर्गमनाच्या मजल्यावर जाते. दारावर सीआयएसएफचे जवान तिकीट आणि पासपोर्ट बघतात, ज्याचं तिकीट त्यालाच आत सोडतात. म्हणजे तुम्ही आत जाऊ शकत नाही, हे आई-बाबांना घरीच सांगा. पुष्कळ लोकांना वाटतं मुलगी काउंटरपर्यंत येईल, आणि दारात एकदम धीर सुटतो. तिथे गाडी फार वेळ थांबू देत नाहीत. गाडी पार्किंगला लावा, नमस्कार-चमत्कार, पाणी पिणं, बाथरूम सगळं सावकाश करा, मग दारापाशी जा.

---

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०.५०

घाटवाट दादा, खूप आभार. मी खरंच आत जाता येईल असं धरून चालले होते.

---

पंचवटीकर | मंगळवार, सकाळी ७.१०

मी आणि सौ. तीनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी तुमच्या बाबांसारखीच अवस्था होती, म्हणून सविस्तर लिहितो.

बाबांना क्रम पाठ करायला सांगा: दार, काउंटर, इमिग्रेशन, सुरक्षा, गेट. मुंबईत टर्मिनल २ ला हाच क्रम आहे. पुढे काय येणार हे माहीत असलं की अर्धी धास्ती जाते. प्रत्येक ठिकाणी काय हातात ठेवायचं एवढंच वेगळं असतं.

काउंटरवर मोठ्या बॅगा जातात. इथे दोन गोष्टी मागून घ्यायच्या: दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास, म्हणजे माणशी दोन, एकूण चार, आणि बॅगांच्या पावत्या, त्या बहुतेक बोर्डिंग पासाच्या मागे चिकटवतात. बॅगेला जी लांब पट्टी लावतात तिच्यावर शेवटचं ठिकाण तीन अक्षरांत असतं. शिकागोच्या ओहेअर विमानतळाचं 'ओआरडी'. बाबांनी ती तीन अक्षरं स्वतः वाचून बघावीत. प्रेसमधल्या माणसाच्या नजरेतून छापलेलं अक्षर सुटणार नाही.

इमिग्रेशनला भारतीयांना आता फॉर्म भरावा लागत नाही, ते कार्ड १ जुलै २०१७ पासून बंद झालं. अधिकारी पासपोर्ट, व्हिसा, बोर्डिंग पास बघतो, कुठे आणि कशाला चाललात ते विचारतो, हिंदीत उत्तर दिलेलं चालतं. पासपोर्टवर शिक्का बसला की पुढे. नवराबायको एकाच खिडकीवर एकत्र गेले तर कुणी अडवत नाही.

सुरक्षा तपासणीत गोंधळ होतो तो ट्रेपाशी. मागचे घाई करतात आणि आपल्या हातात एकाच वेळी दहा वस्तू असतात. त्यामुळे रांगेत असतानाच खिसे रिकामे करून सगळं हातातल्या बॅगेत टाकायचं: किल्ल्या, सुटे पैसे, चष्म्याची डबी, घड्याळ, पट्टा. मोबाइल, पॉवर बँक, लॅपटॉप ट्रेमध्ये वेगळे. पाण्याची बाटली रिकामी. कोणताही द्रव, मलम, खोबरेल, पेस्ट, लोणचं, तूप १०० मिलीपेक्षा मोठ्या डब्यात असेल तर ते तिथेच राहतं, मग बाटलीत तळाशी थोडंसंच उरलेलं असलं तरी. डब्याचा आकार बघतात, आतला माल नाही.

माझ्यावर एक प्रसंग आला होता. परदेशातल्या एका विमानतळावर माझी काळी बॅग यंत्रातून पुढे गेली, मला बाजूला घेऊन तपासत होते, तेवढ्यात तशाच काळ्या बॅगेच्या एका गृहस्थांनी माझी उचलली. आत दोघांचे पासपोर्ट. पंधरा-वीस मिनिटांत ते स्वतःच परत आले, पण त्या वेळात सौ. जमिनीवर बसल्या होत्या. त्यानंतर दोन नियम केले. हातातल्या बॅगेला लाल खणाचा तुकडा बांधायचा, लांबून दिसतो. आणि दोघांनी एकदम यंत्रात शिरायचं नाही. एक जण पलीकडे जाऊन ट्रे ताब्यात घेतो, मग दुसरा.

बायकांची तपासणी पडद्याआड महिला जवान करतात. मंगळसूत्र, बांगड्या काढायला लावत नाहीत, हातातलं यंत्र फिरवतात. आईंच्या गुडघ्यामुळे यंत्र वाजणार. त्यांनी आधीच गुडघ्यावर हात ठेवून "ऑपरेशन" म्हणायचं. हा शब्द जगात सगळीकडे कळतो.

---

सीमेपार_सिन्नर | मंगळवार, सकाळी ९.३०

+१, पंचवटीकर काकांनी फार छान लिहिलंय. वाचनखूण साठवली.

एक पर्याय : ओझरहून, म्हणजे नाशिकच्या विमानतळावरून, दिल्लीला जाऊन पुढचं विमान घेतलं तर घाट, भिवंडी सगळंच वाचतं ना?

---

पंचवटीकर | मंगळवार, सकाळी १०.०५

वाचतं, आणि ओझर घराजवळ आहे हे खरं. पण तिकीट सलग एकाच पीएनआरवर असेल तरच. वेगवेगळी तिकिटं असतील तर दिल्लीत सामान स्वतः उतरवून पुन्हा जमा करायचं, देशांतर्गत विमानात वजनाची मर्यादा बरीच कमी, आणि पहिलं विमान धुक्यात अडकलं तर पुढचं कुणी थांबवत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हा सल्ला देणार नाही. गोदाकाठ ताईंचं तिकीट झालेलं आहे, तेच उत्तम.

---

माजघर | मंगळवार, दुपारी २.१५

गोदाकाठ ताई, वहिनीचं बाळंतपण आहे म्हणजे आई डिंकाचे लाडू नेणारच. म्हणून घाईने लिहितेय.

लाडवात खसखस घालू नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. आपल्याकडे किराणा दुकानात पावशेर मिळते, तिकडे ती अमली पदार्थात धरतात. तुमच्या आई-बाबांचं विमान अबू धाबीवरून आहे. सामान पुढे जाणार असलं तरी ही जोखीम घ्यायचीच कशाला? मसाल्याच्या पुड्यांत, अनारशांवरही असते, तेही बघा.

दुसरं खोबरं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं, विमान वाहतुकीच्या नियमात त्याला धोकादायक मालाचा क्रमांकसुद्धा आहे. आम्ही ओटीसाठी म्हणून पाच वाट्या मोठ्या बॅगेत घातल्या होत्या. काउंटरचं सगळं झाल्यावर नावाने पुकारा झाला, मला आत नेऊन बॅग उघडायला लावली आणि वाट्या काढून घेतल्या. घडी केलेल्या साड्या सगळ्या विस्कटल्या, आणि हे बाहेर एकटेच उभे, मला कुठे नेलं त्यांना माहीत नाही. ओटीला तिकडे इंडियन स्टोअरमध्ये खोबरं मिळतं.

अळीव, खारीक, गोडंबी तिकडे मिळतात. बेदाणे, चिवडा, लाडू, भाजणी हे मोठ्या बॅगेत, कंपनीचं पाकीट असेल तर उत्तम, घरचं असेल तर पिशवीवर इंग्रजीत नाव लिहून. ताजी फळं, कढीपत्ता, फुलं, मांसाचा कोणताही पदार्थ अजिबात नाही. अमेरिकेत खाण्याचं काही आहे का विचारलं की "हो" म्हणायचं आणि यादी दाखवायची. सांगितलं तर फार तर एखादी वस्तू काढून घेतात. लपवलं आणि सापडलं तर दंड.

---

गोदाकाठ | मंगळवार, सायंकाळी ६.४०

माजघर ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी स्वयंपाकघरात गेले. आईने परातीत लाडवाचं साहित्य काढून ठेवलं होतं आणि खसखस भाजून झाली होती. ती आता घरच्या भाजीत जाईल. तुमचे उपकार कसे मानू?

---

औषधपेटी | मंगळवार, रात्री ९.००

मी कॉलेजरोडला दवाखाना चालवते, मधुमेहाचे रुग्ण बरेच असतात. आईंसाठी थोडं.

इन्सुलिन मोठ्या बॅगेत कधीही ठेवायचं नाही. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. हातातल्या बॅगेत, थंड पिशवीत ठेवा, सुया आणि साखर मोजायचं यंत्रही सोबत. औषधांना १०० मिलीची मर्यादा लागू नाही, पण तपासणीच्या वेळी ते बाहेर काढून दाखवायचं. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, छापील, औषधांच्या मूळ नावांसह. सगळ्या गोळ्या मूळ पाकिटात. डबीत सुट्या ओतून नेऊ नका.

माजघर ताईंनी खसखशीचं लिहिलं, तसंच औषधांचं आहे. गुडघ्यासाठी ट्रॅमाडॉल असलेली गोळी चालू असेल किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घरात असेल तर अमिरातीत त्यांच्यावर निर्बंध आहेत. आपल्या डॉक्टरांना दाखवून पर्याय घ्या.

शिकागोचं घड्याळ सप्टेंबरात आपल्या साडेदहा तास मागे असतं. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, त्यामुळे जेवणं आणि इन्सुलिनचं गणित बदलतं. हे इथे मी सांगणं बरोबर नाही, तुमच्या डॉक्टरांकडून तासांप्रमाणे कागदावर लिहून घ्या. विमान कंपनीला मधुमेहाचं किंवा हिंदू शाकाहारी जेवण आधी कळवावं लागतं, किमान २४ तास तरी. तरीही हातात राजगिऱ्याचे लाडू, खाकरे असू द्या, कारण जेवण कधी येईल ते आपल्या हातात नसतं.

दुसरं विमान १४-१५ तासांचं आहे. दर दोन तासांनी उठून मागच्या स्वच्छतागृहापर्यंत चालायचं, बसल्या जागी घोटे फिरवायचे, पाणी प्यायचं. "सारखं बाथरूमला जावं लागेल" म्हणून आपल्या बायका पाणीच पीत नाहीत. पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका अशानेच वाढतो. कडेची सीट घ्या.

---

सह्यपायथा | बुधवार, सकाळी ८.२०

कुणीतरी आता व्हीलचेअर घ्या असं सुचवेलच, म्हणून आधीच लिहितो. चालता येत असेल तर कृपया घेऊ नका. माझी आई पक्षाघाताने एका बाजूने अधू आहे. गेल्या वर्षी एका विमानतळावर आम्ही चाळीस मिनिटं खुर्चीची वाट बघत थांबलो. तिथे खुर्चीत बसलेले अर्ध्याहून जास्त लोक गेटवर उतरून दुकानांत फिरताना दिसले. भाषा येत नाही म्हणून खुर्ची घेतात. आई काही बोलली नाही, पण तिला फार लागलं.

---

काउंटरपलीकडे | बुधवार, सकाळी ११.४५

सह्यपायथा, तुमचा राग योग्य आहे. मी विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये नऊ वर्षं काम केलं, हा प्रसंग रोज बघितलाय. एका रात्रीत येणाऱ्या मागण्या एवढ्या असतात की खुर्च्या आणि माणसं दोन्ही कमी पडतात.

पण गोदाकाठ यांच्या आईंना ती घेण्याचा पूर्ण हक्क आहे. व्हीलचेअरच्या मदतीच्या तीन श्रेणी असतात. पहिली, पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही. दुसरी, पायऱ्याही चढता येत नाहीत. तिसरी, सीटपर्यंत उचलून न्यावं लागतं. बदललेल्या गुडघ्याला टर्मिनलमधलं अंतर झेपत नसेल तर पहिल्या श्रेणीत नोंद करायची. किमान ४८ तास आधी, दोन्ही विमानांसाठी आणि शिकागोत उतरतानाही, आणि नोंद झाल्याची खात्री करून घ्यायची. या सेवेचे पैसे लागत नाहीत.

आईंसाठी एकच खुर्ची घ्या. बाबा सोबत चालतील. मदतनीस दोघांनाही एकत्र नेतो, म्हणजे वाट सापडण्याचा प्रश्न सुटतो आणि एक खुर्ची दुसऱ्या गरजूसाठी उरते. ज्यांना फक्त भाषेची, वाट दाखवण्याची मदत हवी त्यांच्यासाठी पैसे भरून सोबत मिळते, मुंबईत ती 'प्रणाम' या नावाने आहे.

दोन गोष्टी आईंना सांगा. मदतनीस गेटवर सोडून "येतो" म्हणून गेला की जागा सोडायची नाही, त्याच जागी तो परत शोधतो. आणि विमान उतरलं की सगळ्यांच्या शेवटी उठायचं, खुर्ची दारापाशी येते. आपण गर्दीबरोबर बाहेर पडलो तर मदतनीस रिकाम्या विमानात शोधत बसतो.

---

सह्यपायथा | बुधवार, दुपारी १२.३०

धन्यवाद. गोदाकाठ, तुमच्या आईंबद्दल तक्रार नव्हती. त्यांनी जरूर घ्यावी.

---

परतीचा_पक्षी | बुधवार, रात्री ११.५५

मूळचा देवळाली कॅम्पचा, आता इलिनॉयमध्ये. अबू धाबीबद्दल कुणी लिहिलेलं दिसलं नाही आणि या प्रवासातली सर्वात वेगळी गोष्ट तीच आहे.

अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स शिकागोत होत नाही. ते अबू धाबीतच होतं. अमेरिकेचे अधिकारी तिथे बसतात, २०१४ पासून ही सोय आहे. शिकागोत उतरल्यावर आई-बाबा देशांतर्गत प्रवाशांसारखे थेट सामानाच्या पट्ट्यावर येतात. बाहेर भाऊ. याचा अर्थ असा की प्रश्नोत्तरं होतील तेव्हा भाऊ भिंतीपलीकडे नसेल, तो दहा-बारा हजार किलोमीटरवर असेल. म्हणून ही तयारी आधी करा.

पावणेचार तासांचा थांबा ऐकायला मोठा वाटतो, पण त्यात पुन्हा एकदा सुरक्षा तपासणी आहे, मग अमेरिकेची रांग. उतरल्यावर दुकानं बघत बसायचं नाही. आधी पलीकडे जायचं, मग काय खायचं ते. पहिल्या विमानातून घेतलेली पाण्याची बाटली इथे पुन्हा काढून घेतात. एखाद्या वेळी पडद्यावर बॅगेचा फोटो दाखवून "तुमचीच का?" विचारतात. म्हणून निघण्यापूर्वी बॅगांचे फोटो मोबाइलमध्ये घ्या आणि कोणती बॅग कुणाच्या नावावर आहे ते बाबांना माहीत असू द्या.

अधिकारी बोटांचे ठसे आणि फोटो घेतो. प्रश्न ठरलेले: कुणाकडे, किती दिवस, कशासाठी, परतीचं तिकीट. उत्तर खरं आणि छोटं. "मुलाकडे. चार महिने. नातवंड होणार आहे, भेटायला." इथे एक सांभाळा. आपल्याकडे सहज म्हणतात, "सुनेला मदत करायला, बाळ सांभाळायला चाललो." तिकडच्या कानांना ते कामाला आल्यासारखं ऐकू येतं आणि पुढचे प्रश्न वाढतात. खोटं काहीच सांगायचं नाही, पण जे नातं आहे ते सांगायचं. कळलं नाही तर मान डोलवायची नाही. "हिंदी, प्लीज" म्हणायचं. आपले लोक कळलं नाही तरी "येस, येस" म्हणतात, तिथेच घोटाळा होतो.

मुलाचा पत्ता, फोन, परतीचं तिकीट, विमा कागदावर छापून हातात. मोबाइलची बॅटरी आणि नेटवर्क दोन्हींवर विसंबू नका. रोमिंगचा पॅक नाशिकमध्येच चालू करून घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, मोठ्या बॅगेत चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी असते, म्हणजे नेहमीची २०,००० मिलीअँपिअर-अवरची चालते, ती ७४ वॉट-अवर भरते. पण आता काही विमान कंपन्या विमानात ती वापरू देत नाहीत, म्हणून मोबाइल गेटवर पूर्ण चार्ज करून घ्यायचा.

हाच प्रवास दुसऱ्या एखाद्या शहरावरून करणाऱ्यांसाठी: जिथे अशी आधी तपासणी नसते तिथे अमेरिकेत ज्या शहरात पहिल्यांदा उतराल तिथेच सगळ्या मोठ्या बॅगा स्वतः पट्ट्यावरून उचलून, कस्टम्समधून नेऊन, पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. पट्टीवर शेवटचं शहर लिहिलेलं असलं तरी. माझ्या मावशीला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या बॅगा तीन दिवसांनी आल्या.

---

सीमेपार_सिन्नर | गुरुवार, सकाळी ७.५०

मावशींना तक्रार कुठे करावी लागली? की आपोआप आल्या?

---

काउंटरपलीकडे | गुरुवार, सकाळी ९.१५

आपोआप येतीलच असं धरू नका. बॅग पट्ट्यावर आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वी सामानाच्या खिडकीवर लेखी नोंद करून तिचा क्रमांक घ्यायचा. बॅग फुटली असेल तर ७ दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी दावा करता येतो, हे आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे आहे. आणि बाबांनी जपून ठेवलेल्या त्या चिकटपट्टीच्या पावत्या इथे लागतात.

---

गोदाकाठ | रविवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे प्रतिसाद छापून काढले, आई-बाबांना वाचून दाखवले. काल दोघांना घेऊन सिटी सेंटर मॉलला गेलो. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायचा सराव केला. आईला जमत नाही, तिने लिफ्टच घ्यायची ठरलं. व्हीलचेअरची नोंद फक्त आईसाठी केली.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर परात ठेवली. परात म्हणजे ट्रे. बाबांनी पट्टा, घड्याळ, किल्ल्या, चष्म्याची डबी, सगळं रांगेत असतानाच पिशवीत टाकायचं आणि मी मागून "चला, चला" म्हणायचं. पहिल्या वेळी पासपोर्ट परातीतच राहिला. पाचव्या वेळी काहीच राहिलं नाही. मग मी अधिकारी झाले. बाबांनी "फॉर हाऊ लाँग?" ला "फोर मंथ्स" म्हटलं. आईने प्रत्येक प्रश्नाला न चुकता "हिंदी, प्लीज" म्हटलं.

कागद तयार झालाय. एका बाजूला मराठीत पाच पायऱ्या, प्रत्येकीसमोर त्या वेळी हातात काय हवं ते. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत मोठ्या अक्षरात, कुणालाही दाखवता येईल असं: आमचं नाव, आम्ही शिकागोला चाललोय, आम्हाला इंग्रजी कमी येतं, गुडघ्यात धातू आहे, पिशवीत इन्सुलिन आहे, कृपया गेट दाखवा, मुलाचा फोन. बाबांनी तो लॅमिनेट करू दिला नाही. म्हणाले, घडी घालून पासपोर्टमध्ये राहिला पाहिजे.

---

गोदाकाठ | सप्टेंबर, शुक्रवार, सकाळी ६.०५

पोहोचले!

सविस्तर लिहायला बसलेय कारण रात्रभर झोप नाही. घाटवाट दादांनीच सोडलं, संध्याकाळी ७ ला निघालो, वडप्याला पाऊण तास अडकलो तरी साडेबाराला टर्मिनलवर होतो. दारात आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मागे न बघता गेली. बाबा काचेआडून ओठांनी "काउंटर" म्हणाले. तिथपर्यंत दिसत होते.

मुंबईत गुडघ्यामुळे यंत्र वाजलं, आईने हात ठेवून "ऑपरेशन" म्हटलं, त्या महिला जवान मराठीच निघाल्या. त्यांनी "काकू, सावकाश" म्हणून बसायला स्टूल दिलं.

अबू धाबीत व्हीलचेअर उशिरा आली. पंचवीस मिनिटं विमानाच्या दारापाशी थांबावं लागलं, बाबा घामाघूम. पण "जागा सोडायची नाही" हे लक्षात होतं म्हणून हलले नाहीत. पुढच्या तपासणीत आईची पाण्याची बाटली गेलीच, दोनदा सांगूनही तिने विमानातली जपून ठेवली होती.

अमेरिकेच्या अधिकाऱ्याने चौथा प्रश्न भलताच विचारला. बाबा पूर्वी काय काम करत होते? बाबा म्हणतात, "हा सरावात नव्हता." त्यांनी काउंटरवरचा स्वतःचा पासपोर्ट बोटाने दाखवला आणि म्हणाले, "धिस. वुई मेक धिस." अधिकाऱ्याला आधी कळलं नाही. बाबांनी पुन्हा सांगितलं, "प्रिंटिंग प्रेस. नाशिक. गव्हर्न्मेंट." मग त्याने पासपोर्ट उचलून मधलं पान उघडून बघितलं. खाण्याचं विचारलं, यादी दाखवली, त्याने वाचली आणि परत दिली. लाडू सगळे पोहोचले. भाऊ पट्ट्यापाशीच होता.

तुम्हा सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. सह्यपायथा, आईने तुमच्या आईंची चौकशी केलीय.

---

माजघर | शुक्रवार, सकाळी ७.३०

वाचून डोळ्यांत पाणी आलं. वहिनीला लाडू आवडले का ते कळवा, खसखशीशिवाय चव कशी लागते मलाही बघायचंय.

---

सह्यपायथा | शुक्रवार, सकाळी ८.१०

आई बरी आहे. तिला वाचून दाखवलं. नमस्कार सांगितलाय.

---

घाटवाट | शुक्रवार, सकाळी ९.४०

ताई, लई बरं वाटलं. जानेवारीत परत यायचं म्हणालात. मुंबईला विमान रात्री बारानंतर उतरणार असेल तर मला आदल्या रात्रीच निघावं लागेल. तिकिटाचा फोटो पाठवून ठेवा.